कोऱ्या पानांची भानगड

माझी आई कुठल्याही लेखकाकडून पुस्तक भेट म्हणून घेत नाही. फुकटचं पुस्तक घेतलं की खरं बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे. त्यामुळे माझी पहिलीवहिली कादंबरी छापून आली आणि मी मोठ्या तोऱ्यात पिशवीतून प्रत काढून, वाकून नमस्कार करून तिच्या हातात ठेवायला गेले, तेव्हा तिने हात मागे घेतले.

"वाचनालयात येईलच की," ती म्हणाली. "मी नंबर लावीन."

पोटच्या पोरीच्या पुस्तकासाठी नंबर. मी रागारागाने प्रत परत पिशवीत कोंबली आणि चहा न घेता निघाले. खरं तर चहा घेतला, पण बिस्कीट घेतलं नाही.

माझा राग समजायला थोडं मागचं सांगायला हवं. आई नौपाड्यात राहते. नौपाड्यातल्याच एका शाळेत ती मराठी शिकवायची आणि मी तिच्याच वर्गात होते. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी येऊन चपला काढल्या की 'आई', असा नियम होता. निबंधाला ती मला दहापैकी सात द्यायची. सहा नाही, आठ नाही, सात. शेजारच्या बाकावरची मुलगी दर वेळी आठ घेऊन जायची आणि तिच्या निबंधाला धड सुरुवातही नसायची, असं माझं आजही ठाम मत आहे. शाळा संपली, लग्न झालं, मी कोपरला राहायला गेले, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पंपांच्या माहितीपुस्तिका लिहायला लागले, पण त्या साताचे काही आठ झाले नाहीत. कादंबरीमागची प्रेरणा काय, असं लोक विचारतात तेव्हा मी शहरातला एकटेपणा वगैरे बोलते. खरी प्रेरणा म्हणजे तो राहिलेला एक मार्क.

कादंबरी भयाची आहे. मागच्या कव्हरवर 'प्रायोगिक' असंही छापलंय, पण तो शब्द प्रकाशकाचा. कोपरच्या एका बिल्डिंगमध्ये एक बाई भाड्याने राहायला येते. समोरचा फ्लॅट कित्येक वर्षं बंद, कुलूप गंजलेलं. आणि त्या बंद फ्लॅटमधून रोज सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू येतात. बस, एवढंच. भूत नाही, रक्त नाही, काळं मांजरसुद्धा नाही. पण ही गोष्ट मी सरळ सांगितलेली नाही. सोसायटीच्या नोटिसा, विजेची बिलं, गॅसवाल्याच्या चिठ्ठ्या, यांतून ती कळत जाते. शिवाय आधीच्या भाडेकरूंनी या कागदांच्या कडेला पेन्सिलीने काय काय खरडून ठेवलंय. ते खरडणं मी हस्ताक्षरातच छापून घेतलं, राखाडी शाईत, अगदी पेन्सिल वाटावी असं. प्रत्येक भाडेकरूचं अक्षर वेगळं हवं म्हणून ऑफिसातल्या लोकांकडून लिहून घेतलं. आमच्या अकाउंट्समधल्या माणसाचं अक्षर एका वेड्या भाडेकरूसाठी वापरलंय, हे त्याला अजून माहीत नाही.

आणि जिथे तीन शिट्ट्या होतात आणि ती बाई श्वास रोखून चौथीची वाट बघते, तिथे मी पानं कोरी सोडली. एक-दोन नाही, चांगली भरपूर. वाचणाऱ्यानेही वाट बघावी म्हणून. गोष्ट शेवटी संपतेही कोऱ्या पानांतच. छापखान्यातून फोन आला, "मॅडम, मॅटर राहिलंय." मी म्हटलं, नाही, तसंच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, "मॅडम, नक्की?"

पुस्तक बाजारात आलं आणि लोकांचे सरळ दोन तट पडले. एका गृहस्थांनी प्रकाशकाला फोन करून सांगितलं की पानं कोरी निघाली म्हणून त्यांनी दुकानातून प्रत बदलून घेतली, तर दुसरीही तशीच, तिसरीही तशीच, एकही धड प्रत तुम्हाला छापता येत नाही का. डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलीने पुस्तक हातात धरून व्हिडिओ टाकला, "वाचताना माझी वाट लागली, तुमची पण लागू दे." माझ्या नवऱ्याने चाळीसेक पानं वाचली आणि पिक्चर निघाला की बघतो म्हणाला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, आपल्या बिल्डिंगचं नाव तर नाही ना टाकलंत? फ्लॅटला गिऱ्हाईक येईना झालं तर?" मी नाही म्हटल्यावर ते थोडे हिरमुसले. नाव नाही म्हणजे वाचायलाही काही कारण नाही, असा चेहरा करून ते वर गेले.

मला हे सगळं इतकं आवडत होतं म्हणून सांगू. शिव्या खाताना इतकी मजा येते हे मला माहीत नव्हतं. ऑफिसात पंपाच्या पुस्तिकेत 'सूचना : झाकण उघडण्यापूर्वी यंत्र बंद करा' असं लिहिता लिहिता मी एकटीच हसायचे. पंपाच्या पुस्तिकेबद्दल आजवर कुणी भांडलं नव्हतं.

फक्त आईचं काही कळत नव्हतं. तिचा नंबर बराच मागे होता.

नौपाड्यातल्या त्या वाचनालयाने माझ्या कादंबरीची एकच प्रत घेतली होती. आता आपल्याकडे वाचनालयाचं पुस्तक कधी कोरं राहतं का? एखाद्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी 'खुनी डॉक्टर आहे' लिहून ठेवतो. कुणी 'वाचू नये' लिहितो, त्याच्या खाली दुसरा 'तुम्ही का वाचलंत?' लिहितो. तिथल्या ग्रंथपाल मॅडम या लोकांना पुरून उरतात. टेबलाच्या खणाला त्यांनी सुतळीने खोडरबर बांधून ठेवलंय आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या दुपारी निवांत बसून पुसून काढतात. माझं पुस्तक पहिल्यांदा परत आलं तेव्हाही त्यांनी रबर उचललं. पान उघडलं आणि त्यांचा हात थबकला. कडेला पेन्सिलीचं लिखाण होतं. ते वाचकाचं की लेखिकेचं? पुढच्या पानावर आणखी. उजेडात धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं, चष्मा बदलून बघितला. काही कळेना. शेवटी, चुकून साहित्यच पुसलं गेलं तर काय घ्या, असं म्हणून त्यांनी रबर खाली ठेवलं आणि पुस्तक पुढच्याला देऊन टाकलं. पुढच्याने वाचलं, त्यालाही लिहावंसं वाटलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. शिवाय आत मी आयती कोरी पानं सोडलेली होती.

हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आईचा नंबर एकदाचा लागला.

मी रोज संध्याकाळी फोन करायला लागले. एरवी आठवड्यातून दोनदा करते. आई भाजीचं बोलायची, गुडघ्याचं बोलायची. मी शेवटी विचारायचेच, "कुठवर आलं?"

"वाचते आहे."

"बरं आहे का?"

"वाचते आहे म्हटलं ना."

मग एक दिवस म्हणाली, "संपलं." मी फोन घट्ट धरला. मी विचारलं, "मग?"

"वाचनालयात रविवारी चर्चा ठेवली आहे ना तुझ्या पुस्तकावर? तिथे बोलेन. घरात एक आणि सभेत एक असं मी बोलत नाही."

त्या रविवारी सकाळी मी साडी तीनदा बदलली. नवरा म्हणाला, "अगं, चर्चा पुस्तकावर आहे ना?" मी त्याला सांगितलं की तुला काही कळत नाही. त्याला खरंच काही कळत नव्हतं. मी कादंबरीकार म्हणून चालले नव्हतेच, प्रगतिपुस्तक घ्यायला चालले होते.

वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता. लोक येऊन बसले तेच दोन गटांत, मधली वाट सोडून, एखाद्या लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसावा तसे. पुढच्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक काका हाताची घडी घालून बसले होते. पलीकडे ती डोंबिवलीची व्हिडिओवाली मुलगी, स्वतःची विकत घेतलेली प्रत छातीशी धरून. आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर वाचनालयाची प्रत, तिच्यात खुणेसाठी वर्तमानपत्राचे कपटे. कपटे खूप होते. ते पाहून मला घाम फुटला, कारण शाळेत तिने वहीत कपटे घातले की ते चुकांचे असायचे.

काकांनी उभं राहून सुरुवातच केली, "मी इथून पुस्तक नेलं होतं, वही नव्हे." अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. "भीती भीती म्हणतात. कसली भीती? मला चीड आली. चीड म्हणजे भीती नाही."

"काका, पण तुम्ही पूर्ण वाचलं ना?" ती मुलगी बसल्याजागीच म्हणाली.

"वाचणारच. मी अर्धवट काही सोडत नाही."

"मग झालं की. बुक वर्क झालं."

उरलेल्या अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं मला झोपच लागली, कुणी म्हणालं माझी झोपच उडाली. एका आजोबांनी विचारलं, शेवटी कुकर कोणत्या कंपनीचा होता. मी मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवत होते आणि माझं सगळं लक्ष त्या कपट्यांकडे होतं.

मग आई उठली. हॉल शांत झाला, कारण अर्धा नौपाडा तिच्या हाताखालून गेलाय आणि बाकीच्या अर्ध्याची मुलं गेलीत. तिने पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेखिकेने पहिल्या भागात पाल्हाळ लावलेलं आहे."

सात, मी मनात म्हटलं. कदाचित सहा.

"सोसायटीच्या नोटिसांची भाषा मात्र बरोबर पकडली आहे. पण या पुस्तकातलं खरं धीट काम वेगळंच आहे. लेखिकेने एका वाचकालाच पात्र करून पुस्तकात बसवलं आहे. एक चिडका वाचक. तो कडेला सारखा कुरकुरत राहतो." तिने एक कपटा काढला आणि वाचलं, "'ही छपाईची चूक आहे. तक्रार करावी.' पुढे लिहितो, 'पुन्हा कोरं पान. हा काय फाजीलपणा?' आणि त्याला दुसरी कुणी उत्तर देते, 'काका, धीर धरा.' इतकं जिवंत पात्र मी अलीकडच्या मराठी कादंबरीत वाचलेलं नाही."

मी ऐकत होते आणि मला काही आठवत नव्हतं. मी असा वाचक लिहिला होता? पहिल्या खर्ड्यात असेल? आई इतक्या खात्रीने बोलत होती की एक क्षण मलाच वाटलं, लिहिला असेल बाई मी. पुढच्या रांगेत बँकेतले काका हळूहळू लाल होत होते.

"आणि आता हे," आई म्हणाली. तिने मधलं पान उघडून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. कोरं पान, आणि मधोमध बारीक गोल अक्षरात एकच ओळ. ती तिने चष्मा काढून, पाठ असल्यासारखी म्हटली. "'आमच्याकडे काल चार झाल्या.'"

हॉलमध्ये कुणीतरी चक्क श्वास आत ओढला. काकांच्या बाजूला बसलेल्या एका बाईंनी स्वतःच्या दंडावरून हात फिरवला. माझ्याही अंगावर काटा आला, आणि मग लक्षात आलं की आपण आपल्याच पुस्तकाला घाबरतोय, आणि मग लक्षात आलं की हे आपलं नाहीच.

"हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले, कमी शब्दांत लिहा. चार शब्द आहेत. या वाक्याला मी दहापैकी नऊ देईन."

नऊ. मी जन्मभर आठची वाट बघत होते आणि नऊ आले. आणि ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

हे माझं नाही, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान जराशी झुकवली, लेखक लोक कौतुक ऐकताना झुकवतात तशी. ते नऊ मार्क निदान मिनिटभर तरी माझ्याजवळ राहावेत असं वाटलं, आणि ते मिनिट फार छान गेलं. मग ती डोंबिवलीची मुलगी उभी राहिली.

"काकू, सॉरी हं, पण माझ्या कॉपीत हे पान ब्लँक आहे."

"नीट बघ," आई म्हणाली.

"बघितलं ना. आणि तो चिडका माणूस पण नाहीये. कुठेच नाहीये."

ज्यांनी पुस्तक विकत घेतलं होतं त्यांनी भराभर पानं उलटली. नाही, आमच्यातही नाही. ज्यांनी वाचनालयाची प्रत वाचली होती ते म्हणाले, आहे की, आम्ही वाचलंय. आतापर्यंत भांडणारे दोन तट एकदम मोडले आणि दोन नवे तयार झाले, मधली वाट ओलांडून लोक एकमेकांच्या प्रती ओढायला लागले. ग्रंथपाल मॅडम दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गोरटेलीशी बाई उठली. जवळच्याच एका दवाखान्यात ती नंबर लावून घेते, येणारेजाणारे सगळे तिला ओळखतात.

"अगं बाई, ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "चार झाल्या ते. छोले होते आमच्याकडे. भिजत घालायलाच विसरले होते मी, म्हणून चार केल्या. त्या पानावर आधी कोणीतरी लिहिलेलं ना, तीन शिट्ट्यांत काय शिजतं म्हणून, त्याला मी आपलं उत्तर दिलेलं. त्याने मग स्वतःचं पुसून टाकलं वाटतं."

सगळा हॉल हसत सुटला. आजोबांना ठसका लागला. ती डोंबिवलीची मुलगी धपकन खाली बसली आणि तिथेच जमिनीवर बसून हसत राहिली. त्या गोंधळात बँकेतले काका उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "एक मिनिट. ते शेरे माझे आहेत. आणि मी चिडका नाही. परखड."

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांना वाटलं लेखिका भारावली. मलाही नीट कळत नव्हतं की यातलं हसण्याचं किती आणि त्या गेलेल्या नऊ मार्कांचं किती.

आई एकटी हसत नव्हती. ती तशीच उभी होती, बोट पानात. हॉल शांत व्हायची तिने वाट पाहिली, वर्गात बघायची तशी, आणि हॉल झालाही. मग ती त्या दवाखान्यातल्या बाईकडे वळून म्हणाली, "म्हणजे नऊ तुमचे."

"अय्या बाई, खरंच?" ती म्हणाली. "शाळेत मला मराठीत कधी एवढे पडले नव्हते."

"आणि मला?" काकांनी विचारलं. मघापासून हे पुस्तक म्हणजे फसवणूक आहे म्हणणारा माणूस, पण चेहरा अगदी पाचवीतल्या मुलाचा झाला होता.

आईने पुस्तकात पाहिलं. "सहा. अक्षर सुधारा."

चर्चा तिथेच संपली, कारण त्यानंतर कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. चहा प्यायला गेलेले लोक त्या प्रतीभोवती घोळका करून आपापल्या ओळी शोधत होते. ग्रंथपाल मॅडम खणाची सुतळी सोडून रबर घेऊन आल्या तर काकांनीच त्यांना अडवलं. "हे आता जसं आहे तसं ठेवायचं," ते म्हणाले. "माझी जबाबदारी." त्या दिवसापासून काका माझ्या पुस्तकाचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते झाले आहेत. ते लोकांना सांगतात की कादंबरी अवघड आहे, सगळ्यांना पेलणारी नाही, आणि त्यात त्यांची एक महत्त्वाची भूमिका आहे.

मी आईबरोबर चालत घरी निघाले. ती समोर बघूनच चालत होती. मला वाटलं, भर सभेत फजिती झाली म्हणून रागावली असेल. कोपऱ्यावर आल्यावर मी धीर करून विचारलं, "आई, माझं काय मग?"

"तुझं मी अजून वाचलेलंच नाही," ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं. इतकं खरं की मला पुन्हा हसू फुटलं. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि रस्ता ओलांडून पुस्तकांच्या दुकानात शिरली. माझ्या पिशवीत माझ्या प्रती होत्या, तरी ती काउंटरवर उभी राहून दुकानदाराला म्हणाली, "कोरी द्या. आत कुणी लिहिलेली नको." दुकानदार म्हणाला, "आजी, कोरीच आहे, लोक तीच तर तक्रार करतात."

मधले दिवस मी फोन केला नाही. मुद्दामच केला नाही. माझाही काही मान आहे. पुढच्या रविवारी जेवायला गेले.

टेबलावर माझं पुस्तक होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलेलं. कपटा एकही नव्हता. आई समोरच्या खुर्चीत बसली, चष्मा लावला, आणि मी शाळेतल्यासारखी पाय जुळवून बसले. बेचाळिशी उलटलेली बाई मी, घरात मुलगी कॉलेजला जाते.

"सात," आई म्हणाली.

"सातच?"

"पाल्हाळ आहे ते सांगितलंच. आणि शेवट तू लिहिलेलाच नाहीस. पानं सोडून दिलीस. न लिहिलेल्याचे मार्क मी कसे देऊ?"

"अगं, पण तेच तर आहे त्यात. ती वाट बघणं. तुला काहीच वाटलं नाही?"

"मला काय वाटायचंय? कोरी पानं आहेत." तिने पुस्तक उचलून कपाटात ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली. तिच्या पुस्तकांच्या कपाटाला किल्ली आहे हेच मला माहीत नव्हतं.

मी इतकी तापले होते की पाणी पिते म्हणून स्वयंपाकघरात गेले. जन्मभर एकाच आकड्यावर अडकून राहायचं. छोले भिजवायला विसरलेल्या बाईला नऊ. पेला धुवायला घेतला आणि माझं लक्ष गॅसकडे गेलं. एका शेगडीवर पातेल्यात भात रटरटत होता, वर ताटली तिरकी ठेवलेली. दुसऱ्या शेगडीवर दुसऱ्या पातेल्यात डाळ.

माझ्या आईने कधी पातेल्यात भात केलेला मी पाहिलेला नाही. पातेल्यातला भात म्हणजे गॅसची नासाडी, असं ती आम्हाला ऐकवत आली आहे.

"आई, कुकर कुठे गेला?" मी तिथूनच विचारलं.

"शिट्टी बिघडली आहे," ती बाहेरून म्हणाली, जरा घाईनेच.

मांडणीत कुकरची जागा रिकामी होती. ओट्याखाली नव्हता. मग मला माळ्यावर, अगदी मागे, जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. मी स्टुलावर चढले. चादरीला सुतळीने दोन गाठी मारलेल्या होत्या. मी थोडी सैल करून आत हात घातला. कुकर होता, झाकण होतं, आणि शिट्टी जागेवर होती. हलवून पाहिली, चांगली घट्ट होती, कुठे बिघडलेली नव्हती.

गुडघे दुखतात म्हणून आई स्टुलावर चढत नाही. दिवाळीत माळा साफ करायला मी येते.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच, स्टुलावर उभी असताना, तोंडावर हात दाबून धरला. मग चादर होती तशी नीट गुंडाळली, गाठी पुन्हा मारल्या आणि कुकर आणखी थोडा मागे सरकवला.

बाहेर येऊन मी पानं घेतली. आई वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "आजची राहा इथेच. उद्या इथूनच ऑफिसला जा, वागळे इस्टेट इथून जवळ पडतं तुला."

"राहते," मी म्हटलं.

भात जरा चिकट झाला होता. मी दोनदा मागून घेतला.